वहिनीच्या मोटरीची चार चाकं

आज पहाटे वहिनी गेली. तिच्यातली चित्रकार मात्र मी जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच मारली होती.

वाचून दचकू नका. नात टाइप करतेय, तीही दचकली. "आजोबा, असं लिहायचं?" म्हणाली.

असंच लिही बाळा. आयुष्यभर गोड गोड बोललो, तेवढं पुरे झालं.

तुम्ही मला चित्रकार म्हणून ओळखता. मुलाखतीत दर वेळी एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, तुमचं इन्स्पिरेशन काय?"
मी चष्मा काढून पुसतो आणि लेणी, निसर्ग, लोककला असं काहीबाही सांगतो.

खरं उत्तर म्हणजे वऱ्हाडात, आसेगावातल्या आमच्या ओसरीची भिंत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, मानोऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठराची असेल.

दिवाळीआधी घरोघरी भिंती शेणामातीनं पोतारायच्या. वाळल्या की बायका चुन्यानं आणि गेरूनं स्वस्तिक, वेल, फार तर एखादा मोर काढायच्या. रीत तेवढीच होती.

वहिनी मात्र त्या आठवड्यात जे दिसलं ते काढायची.

कापूस वेचायला आलेल्या तांड्यावरच्या बायका आणि त्यांचे आरशांचे घागरे. मंगरूळपीरच्या दर्ग्यावरचा झेंडा. शेजारच्या काकूची शेळी, आणि तिच्या तोंडात काकूचंच लुगडं.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीला कापूस गुंडाळला की झाला ब्रश. काळा रंग तव्याच्या बुडाचा, निळा कपड्यांच्या निळीचा.

भाकरी थापता थापता मध्येच उठायची, भिंतीवर चार रेघा मारायची, परत येऊन बसायची.
आई ओरडायची, "भाकर जयून राह्यली ना वं!"

मी ते बघत मोठा झालो. माझी चित्रकला तिथं सुरू झाली, शाळेत नाही.

मग मी नागपूरला चित्रकला शिकायला गेलो. एक वर्ष शिकलो आणि दिवाळीला घरी आलो तो डोक्यात हवा भरूनच.

त्या वर्षी वहिनीला माहेरी पाठवलं नव्हतं. सलग दुसरी दिवाळी. कापसाची वेचणी अर्धी राहिली होती ना!

तिनं भिंतीवर मोटर काढली.

बसला तेव्हा आम्ही मोटरच म्हणायचो. ही मंगरूळपीरहून मानोऱ्याला जाणारी. खिडकीत एक बाई, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. आणि मोटरीला चार चाकं. चारही एकाच बाजूला, ओळीनं.

मी हसलो. ओसरीवर पाहुणे बसलेले, त्यांच्यासमोर.

"वहिनी, हे चुकलं. एका बाजूनं दोनच चाकं दिसतात."

"दिसत नसतीन भाऊजी, पण असते तं चार ना? दोन चाकावर मोटर चालन कशी? पडन ना ते!"

पाहुणे खदाखदा हसले. दादा म्हणाला, "तो शिकून राह्यला, त्याले समजते. तुले काय समजते त्यातलं?"

मला चेव आला. मी ओलं पोतेरं घेतलं आणि मधली दोन चाकं पुसून टाकली. वर पर्स्पेक्टिव्ह म्हणजे काय, यावर भाषणही ठोकलं.

वहिनी हसली. पदराला हात पुसले आणि आत गेली.

खिडकीतली ती बाई कोण होती, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या दिवाळीला भिंत छान पोतारलेली. एक स्वस्तिक, दोन वेली. बस.

"चित्र कुठंय वहिनी?"

"मले कुठी येते भाऊजी? मी काय शिकेल हाय?"

रागानं नाही म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

त्यानंतर तिनं कधीच काढलं नाही. आणि मीही एकदासुद्धा 'काढा' म्हटलं नाही. मला माझं करिअर होतं ना.

आता पुढची गंमत ऐका.

चाळिशीत माझं काम अडलं. काढीन ते सगळं नीटनेटकं आणि निर्जीव. एके दिवशी हात आपोआप चालला आणि कॅनव्हासवर मोटर उतरली. चार चाकांची, चारही एकाच बाजूला.

लोकांनी डोक्यावर घेतली. तीच पुढे माझी 'शैली' झाली. सगळे पुरस्कार तिनंच मिळवून दिले.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो. नव्वदीला टेकलेली वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पुतण्यानं माझ्या चित्राचं कॅलेंडर तिच्या हातात दिलं.

तिनं ते डोळ्यांजवळ नेलं. बोट लावून मोजलं.
एक. दोन. तीन. चार.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून भाऊजी? एका बाजूनं दोनच दिसते ना?"

समोर पुतण्या, सून, नातवंडं. तेव्हाही ओसरी भरलेली होती, आताही होती.

तीन शब्द पुरले असते. 'मोटर तुमची आहे.'

मी म्हणालो, "ती माझी स्टाईल आहे वहिनी."

"अस्सं," म्हणाली. आणि शेंगा सोलायला लागली.

पुढच्या खेपेला एकटी असताना सांगू, म्हणत राहिलो. आज पहाटे पुतण्याचा फोन आला.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय, तिला ऐकू जाणार नाही अशा वेळी. मी भित्रा माणूस आहे.

कमेंटमध्ये 'सर, सावरा स्वतःला' वगैरे लिहू नका. लिहायचंच असेल तर तिचं नाव लिहा. वत्सला. आणि नावापुढे चित्रकार लिहा.

वहिनी, आता कोणी अडवणार नाही. सावकाश जा.

मोटर तुमचीच आहे. चारही चाकं जागेवर आहेत.