कुत्र्याचं पान

चंपाषष्ठीला आमच्या घरात आधी कुत्रं जेवायचं, मग माणसं. तसा पुष्कळ घरांत त्या दिवशी कुत्र्याला घास घालतात, पण घास ठेवला की त्यांचं काम झालं. तो कुत्र्यानं खाल्ला की नाही हे पाहायला कोणी थांबत नाही. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, थांबायचे. कुत्र्याच्या पोटात घास गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पाण्यालाही शिवत नसत. ते जेवल्यावर मी, आणि सगळ्यांत शेवटी माय. मायचं शेवटी जेवणं मात्र त्या दिवसापुरतं नव्हतं, ते बारमाही होतं.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गावातली माणसं जिकडं वाट फुटेल तिकडं गेली, तसा आज्जाही बायकापोरं घेऊन नातेवाइकांकडं पळाला. मेंढरं मागं राहिली आणि मेंढरांपाशी कुत्रं राहिलं. परत आल्यावर पाहतो तर मेंढरांचं खांड जागच्या जागी, आणि कुत्र्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ही गोष्ट आबा दर चंपाषष्ठीला सांगायचे आणि दर वर्षी तिच्यात थोडी भर पडायची. माझ्या लहानपणी त्या कुत्र्यानं एक लांडगा पळवला होता. मी कॉलेजात जाईपर्यंत लांडग्यांचं टोळकं झालं होतं. शेवट मात्र कधी बदलला नाही. आज्जीनं चूल पेटवून पहिली भाकर आज्जाला वाढली, ती त्यानं उचलून कुत्र्यापुढं ठेवली आणि म्हणाला, “ज्यानं राखलं त्यानं आधी खायाचं.” त्या दिवसापासून चंपाषष्ठीचं पहिलं पान कुत्र्याचं.

दिवाळी आमच्याकडं शेजाऱ्यांना दिसावी म्हणून व्हायची. आपला सण त्यानंतरचा, थंडी पडल्यावरचा. आषाढापासून घरात वांगं-कांदा बंद असायचा, तो थेट चंपाषष्ठीला सुटायचा. मार्गशीर्ष लागला की देव घटी बसत, सहा दिवस दिवा तेवता ठेवायचा, आबा एकभुक्त राहत. षष्ठीला पहाटे शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला जाऊन यायचं, घरी येऊन भंडारा-खोबऱ्याच्या ताम्हणाची तळी उचलायची आणि मग बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. भरीत वर्षभर होतं हो, पण जवळजवळ पाच महिने तोंड बांधून ठेवल्यावर भाजल्या वांग्याचा जो वास येतो, तो दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही.

साताऱ्याच्या जत्रेत मी लहानपणी एक वाघ्या पाहिला होता. कमरेला घंटी, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं, आणि तो देवापुढं चक्क भुंकत होता. मी घाबरून आबांच्या मागं लपले. आबा म्हणाले, “भ्यायचं नाय. त्यो देवाचं कुत्रं झालाय. राखण करतो देवाची.” मग त्यानं भिक्षेच्या लाकडी कोटंब्यात तोंड घालून नैवेद्य खाल्ला. मोठ्या माणसानं असं खाल्लेलं पाहून मला हसू आलं, तर मायनं चिमटा काढला.

आबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते आणि आम्ही उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायचो. त्यांना तिसरी पाळी असली की माय दाराला पाठ लावून बसायची. मांडीखाली काठी. चोर आला असता तर तिनं त्याचं काय केलं असतं देव जाणे, पण मला त्या पाठीमुळं गाढ झोप लागायची. कर्फ्यूच्या दिवसांत आबा दोन दिवस कारखान्यातच अडकून पडले, तेव्हाही ती तशीच बसलेली. सकाळी आबा आले. “झोपली न्हाईस?” त्यांनी विचारलं. “झोपले की,” माय म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

आबा देवाधर्मात फार कडक होते असं नाही. तळी उचलायला पुरुष लागतात म्हणतात. आमच्या घरात पुरुष एकच. त्यामुळे ताम्हणाला एका बाजूनं आबा, दुसऱ्या बाजूनं माय आणि तिसऱ्या बाजूनं मी, अशी आमची तळी उचलली जायची. कोणी नावं ठेवली तर आबा म्हणत, “देवाला माहितीये आमच्यात किती माणसं हायेत ते.” पण कुत्र्याच्या बाबतीत ते तसूभर हटत नसत. उस्मानपुऱ्यात त्याची अडचणही आली नाही. गल्लीत एक लंगडं तांबडं कुत्रं होतं, ते रोडग्याच्या वासानं आपणहून दारात हजर व्हायचं.

मग आम्ही गारखेड्यात फ्लॅट घेतला आणि आबांना साखर लागली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घरात आल्या. माय म्हणायची, फ्लॅटात माणूस चालत नाही, त्याची ही फळं. दोन वेळा इंजेक्शन, वेळेवर जेवण, पायाला जखम होऊ द्यायची नाही, हे सगळं डॉक्टरांनी आबांना सांगितलं आणि मायनं लक्षात ठेवलं. रोज संध्याकाळी ती त्यांचे तळवे उलटे करून बॅटरीच्या उजेडात पाहायची. आबा कुरकुरायचे, “मी काय मेंढरू हाय का खूर तपासायला?” माय दुसरा पाय हातात घ्यायची.

नवीन जागेत तिनं गच्चीवर लोखंडी घमेल्यात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायला सुरुवात केली. धुराबद्दल तक्रार झाली. मायनं तक्रार करणाऱ्यांच्या घरी भरताची वाटी आणि दोन रोडगे पाठवले. पुढच्या वर्षी तेच लोक विचारत आले, तुमचा तो धूर कधी आहे म्हणून.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी आबांची साखर वरखाली होत होती. उपास नको, असं डॉक्टर, मी, माय सगळ्यांनी सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि उपास धरला. षष्ठीला दुपारी तळी झाली, नैवेद्य झाला. आता जेवायलाच बसायचं म्हणून आबांनी रोजच्यासारखं स्वतःच इंजेक्शन टोचून घेतलं आणि कुत्र्याचं पान घेऊन खाली उतरले.

खाली कुत्रं नव्हतं.

एरवी आमच्या इमारतीखाली कुत्र्यांची शाळा भरलेली असायची. पण आधीच्या आठवड्यात कुणाला तरी कुत्रं चावलं, कुत्री धरणारी गाडी आली आणि सगळी शाळा घेऊन गेली. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि तिघांच्याही लक्षात राहिलं नाही. आबांनी पार्किंगमध्ये पत्रावळ ठेवली, वॉचमनची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

“आबा, वर चला. जेवून घ्या, कुत्रं आलं की मी घालते.”

“आधी कुत्रं.”

इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं नाही तर काय होतं, हे मला माहीत होतं. एकदा ते असेच स्वयंपाकघरात कोसळले होते. मी तापट आहे, तेव्हा तर फारच होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. मग डब्यात एक रोडगा घेतला, स्कूटी काढली आणि कुत्रं शोधायला निघाले. रोज अंगावर धावून येणारी कुत्री त्या दिवशी गारखेड्यातून नाहीशी झाली होती. शेवटी मटणाच्या दुकानापुढं एक दिसलं. डब्यातला रोडगा मी त्याच्यापुढं टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडं पाहिलं आणि परत दुकानाकडं तोंड करून बसलं. त्याचं पोट भरलेलं होतं. मला तिथं रस्त्यावर रडू आलं. ज्याला खायला घालायचं तेच खाईना, आणि ज्यानं खायला हवं तो घरी घाम पुसत बसलेला.

परत आले तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचं पांढरं झुबकेदार कुत्रं खाली आणलं होतं. त्याला थंडीचा स्वेटर घातलेला होता. ते पत्रावळीपाशी गेलं, भंडारा नाकात जाऊन त्याला शिंक आली आणि ते काकूंच्या पायांत शिरलं. “तो फक्त पाकिटातलंच खातो हो,” काकू ओशाळून म्हणाल्या. “कांदा तर त्याला विषच.” आबांच्या कपाळावर घाम डवरला होता. हात मांडीवर थरथरत होते. मी वरून आणलेली साखर मुठीत धरून उभी होते. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. “खाल्लं असं समजा ना आबा,” मी म्हणाले. ते म्हणाले, “समजायचं आसतं तर मंग काय...” आणि पुढचे शब्द त्यांना नीट जुळवता येईनात. मला भीती वाटली. आत्ता यांना उचलून न्यावं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात माय जिन्यानं खाली आली. गच्चीवरून सरळ, हाताला राख तशीच. तिनं आबांकडं पाहिलं, माझ्या मुठीकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं.

“आवं,” ती म्हणाली, “ज्यानं राखलं त्यानं आधी खायाचं, आसंच म्हणता ना दर साली?”

आबांनी मान हलवली.

“मंग आपल्या घरात आजवर राखलं कुणी?”

उत्तराची वाट न पाहता ती फरशीवर पत्रावळीपुढं बसली. पानावरच्या भंडाऱ्याचं बोट कपाळाला लावलं. साऱ्या सोसायटीच्या गाड्यांमध्ये, काकूंच्या समोर, वॉचमनच्या समोर तिनं कुत्र्याच्या पानातला रोडगा मोडला, भरतात बुडवला आणि खाल्ला. मला जत्रेतला तो वाघ्या आठवला. या वेळी हसू आलं नाही. घास गिळून ती म्हणाली, “पाह्यलं ना डोळ्यानं? गेलं पोटात.”

आबा खुर्चीवरून वाकले, इतके की मला वाटलं पडतात. हात त्यांनी मायच्याच पानात घातला, तिनं मोडलेल्या रोडग्याचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आमच्यात बायका नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायच्या. उलटं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आमच्या घरात नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. मग त्यांनी माझ्यापुढं तळहात केला आणि मी त्यावर साखर ओतली.

थोड्या महिन्यांत कुत्री परत आली, ती येतातच. पुढच्या चंपाषष्ठीला आबा खालचं पान घालून वर आले, कुत्र्यानं चाटून पुसून खाल्ल्याचं सांगितलं, आणि तरी जेवायला बसेनात. दुसरी पत्रावळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माय म्हणाली, “आता काय?” आबा म्हणाले, “बस.” माय वैतागली. तव्यावर भाकरी होती, गच्चीवर रोडगे होते, कामं सोडून आधी जेवायचं म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. तिथून दर वर्षी असंच, भराभर दोन घास गिळून ती उठायला बघायची. आबा म्हणायचे, “कुत्रं बी इतकं घाईत खात नाय.” वर्षातून तो एकच दिवस. बाकीच्या दिवसांत ती शेवटीच जेवत राहिली आणि त्यात आबांना काही वावगं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मला त्यांचा राग यायचा. पण त्या एका दिवशी पान ठेवताना ते ज्या तऱ्हेनं वाकायचे, त्यानं माझा राग दर वर्षी थोडा कमी व्हायचा.

आबा गेले, त्या वर्षी सण केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मायनं केला. आता तिलाही साखर आहे, आणि तिचं इंजेक्शन मी देते, तिचे तळवे मी पाहते. ती कुरकुरते. तळी आम्ही दोघींनीच उचलली, देवाला माहीत आहे आमच्यात किती माणसं आहेत ते. खालचं पान मी घालून आले. कुत्र्यानं खाल्लं ते पाहूनच आले, सवयच झाली आहे. वर आले तर मायनं दुसरी पत्रावळ वाढून ठेवली होती. मी म्हणाले, “बस, माय. तुझं इंजेक्शन झालंय.”

ती बसली नाही. पत्रावळ तिनं माझ्याकडं सरकवली.

“तू बस. आता राखण तू करायलीस.”

मी बसले. पहिला घास तोंडात घेतला आणि तो खाली उतरेना. आबांची फार आठवण आली. पण माय समोर उभी होती, माझ्या तोंडाकडं पाहत. मी गिळल्याशिवाय ती जेवणार नव्हती, म्हणून गिळला.