बैलाचं शिंग, घोड्याचा गाल आणि आत्याची नीळ

पन्नासच्या दशकात मी जनावरांच्या डॉक्टरकीला होतो आणि शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झालो होतो. पुन्हा नापास झालास तर पिंपरीच्या कारखान्यात चिकटायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. अडत होतं एकाच जागी: कवटीतल्या हवेच्या पोकळ्या. कोणत्या जनावराची कपाळातली पोकळी कुठे उघडते, यात माझी दरवेळी अदलाबदल व्हायची.

चार दिवस उरले तेव्हा चिंचवडला आत्याकडे गेलो. स्वतःच केलेल्या यादीप्रमाणे सामान घेतलं: बैलाची कवटी, घोड्याची कवटी, करवत. कवट्या चाकणच्या माळावर सापडलेल्या, पोत्यात भरलेल्या.

आत्या अंगणात धोतरं निळीत बुडवत होती. मी पोतं उघडताच म्हणाली, "आरं, डाक्टर व्हतोयस का मांत्रिक?"

"यात पाणी ओतलं की कुठून निघतं ते बघायचंय."

"साधं पानी दिसंल व्हय? ही नीळ घे."

बैलाचं शिंग आतून पोकळ, थेट कपाळापर्यंत. त्याच्या तुटक्या टोकातून नीळ ओतली आणि कवटी छातीशी धरून कलती केली. नाकातून निळे थेंब माझ्या शर्टाच्या खिशावर! आत्याने टाळी वाजवली.

मग घोडा. कपाळाला आणि गालाला करवतीने खिडक्या पाडल्या, कपाळातून नीळ ओतली आणि दोघंही नाकाशी डोकं लावून बसलो. काही नाही. एकाएकी गालाच्या खिडकीतून धार, माझी बाही निळी!

"ह्याचं कपाळ आदी गालाला इचारतंय रं!"

आम्ही इतके खिदळलो की शेजारीण धावत आली. कवट्या बघून किंचाळली, "आगं बया, कोन मेलं?"

"दोघं!" आत्या पोट धरून म्हणाली. "बैल आन् घोडा!"

यादीत जुना शर्ट लिहायचा राहून गेला होता. अंगातला शर्ट परीक्षेचा, एकुलता एक पांढरा. चार वेळा धुतला. डाग फिकटले, गेले नाहीत. तोच घालून परीक्षेला गेलो.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न तोच विचारला. मान खाली गेली. खिसा: बैल. बाही: घोडा.

"बैलाची पोकळी थेट नाकात उघडते, सर. घोड्याची आधी गालातल्या पोकळीत, मग नाकात."

"नक्की?"

"नक्की, सर. धुऊनसुद्धा जात नाही."

त्यांनी शर्टाकडे पाहिलं आणि हसत पुढचा प्रश्न कुत्र्यावर टाकला. कुत्रा मला येत होता.

पास झालो. आत्याने पहिला पेढा शेजारणीला दिला. म्हणाली, "घे, दोघांच्या तेराव्याचा."