गनीभाईंच्या काळ्या बेडक्या

केडगावात सुतारकामात गनीभाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. चार वर्षांपूर्वी रंध्याच्या मशीनवरून लाकडाची ढलपी उडाली आणि उजवा डोळा गेला. डाव्याला आधीच अंधुक दिसायचं. दारं-खिडक्यांचं काम सुटलं, पण पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बेडक्या करणं सुटलं नाही. पोटाखाली गळ बसवलेली ही बेडकी पाण्यावर फेकून ओढत आणली की मरळ मासा ती खरी समजून झडप घालतो.

मी त्यांच्या शेजारचा हार्डवेअरवाला. रंग, वॉर्निश माझ्याकडूनच न्यायचे. डबा हातात देऊन मी म्हणायचो, हा पिवळा, हा काळा, आणि ते मान डोलवायचे. माझ्यासारख्या अडाण्याला त्यांनी शिकवलं होतं की मासा खालून बघतो, तेव्हा बेडकीची पाठ नटवण्यात अर्थ नाही, पोट बघावं. पाणी गढूळ असेल तर भडक रंग. नितळ असेल तर काळा, कारण खालून आभाळाच्या उजेडावर काळंच ठसठशीत दिसतं. बाजारातल्या चकचकीत प्लास्टिकच्या मासोळ्या माशांसाठी नसून गिऱ्हाइकांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

दर रविवारी त्यांचा जुना दोस्त काकासाहेब श्रीगोंद्याकडच्या एका तलावावर जायचा. साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, वेळच वेळ. पूर्वी दोघं जायचे, आता गनीभाई ओट्यावर बसून वाट बघायचे. शनिवारी पाण्याचा रंग विचारून ते दोन-तीन रंगांच्या बेडक्या पिशवीत घालून द्यायचे, कोणती आधी टाकायची ते सांगून. रविवारी संध्याकाळी काकासाहेबानं मासा कशावर लागला ते खरंखरं सांगायचं आणि निम्मे मासे गनीभाईंच्या बायकोच्या, जहिराभाभींच्या हवाली करायचे. मासे पकडणारे जगाला थापा मारतात, पण एकमेकांना मारायच्या नाहीत, असा या दोघांचा तीस वर्षांचा शब्द होता.

“पिवळीच चालली,” काकासाहेब दर वेळी सांगायचा. पाणी नितळ असो, गढूळ असो, पिवळीच. गनीभाई चक्रावले. आयुष्यभर पाणी आपण चुकीचंच वाचलं की काय, असं मला दोनदा म्हणाले. शेवटी मागच्या थंडीत त्यांनी उजवा डोळा शाबूत असताना कोरलेल्या अकरा काळ्या बेडक्या काढल्या आणि बंबात घातल्या. अंघोळीचं पाणी तापलं. मी तिथेच उभा होतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी काकासाहेब तीन मरळी घेऊन आला आणि पिवळीचं कौतुक करत ओट्यावर टेकला. आत जहिराभाभी विळीवर मासे कापत होत्या. एका मरळीच्या घशात त्यांना गळ लागला. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

गनीभाईंनी तो बोटांनी चाचपला. एकेरी गळ, आणि त्याला अडकलेला खऱ्या बेडकाचा पाय. त्यांच्या बेडकीला तीन तोंडांचा गळ असतो. त्यांनी काकासाहेबाकडून पिवळी बेडकी मागून घेतली आणि तिच्यावरून नख फिरवलं. मरळीचे दात सुईसारखे, एकदा धरलं तरी रंग खरवडतात. बेडकीवर एक ओरखडा नव्हता.

“कवापासनं?” त्यांनी विचारलं.

“गनी, तुला बरं वाटावं म्हनून...”

“मी कवापासनं इचारलं.”

“तीन वर्सं झाली,” काकासाहेब म्हणाला. मग सगळं सांगून टाकलं. डोळा गेल्यावरच्या बेडक्या पाण्यात कलंडायच्या, मासा येईना. एकदा तो रिकाम्या हातानं परतला तर गनीभाई दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून जिवंत बेडूक लावायला लागला.

“मग पिवळीच का म्हनला?”

“पिशवीत हात घातला, पयली तीच आली.”

गनीभाईंनी पिवळी बेडकी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “डोळा गेला तर मी म्हनलं, काकासाहेबाचा डोळा हाय. तू त्योबी काढून घेतला. काळ्या बेडक्या म्या माज्या हातानं जाळल्या.”

काकासाहेब जायला उठला. मला त्याचा संताप आला होता, दोन कडक शब्द सुनावावेत म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात गनीभाईंनी माझ्याकडे चेहरा वळवला.

“तुला ठावं हुतं?”

झाकणाला भोकं पाडलेला बेडकांचा डबा मी काकासाहेबाच्या स्कूटरच्या डिकीत दोन वर्षांपूर्वीच पाहिला होता. म्हाताऱ्याचं मन रमतंय, आपल्या बापाचं काय जातंय, म्हणून गप्प बसलो. बंब पेटला तेव्हाही गप्पच बसलो. आता खोटं बोलायला जीभ वळेना.

“व्हय,” मी म्हणालो.

ते काठी चाचपत उठून आत गेले. आठवड्याभरानं ओट्यावरून पुन्हा पटाशीचा आवाज यायला लागला, तेव्हा मी काळ्या रंगाचा डबा फडक्यानं पुसून गल्ल्यावर काढून ठेवला.

काल सकाळी गनीभाई काठी टेकत माझ्या दुकानावरून पुढे गेले. पुणे रोडवर ट्रकांची रांग होती. एका अंधुक डोळ्यानं चाचपडत त्यांनी रस्ता ओलांडला, मी पायरीवर उभा राहून बघत होतो. पलीकडच्या रंगाच्या दुकानातल्या अनोळखी पोराला त्यांनी दोनदा मोठ्यानं विचारलेलं मला इथवर ऐकू आलं, “ह्यो काळाच हाय ना?”