घाटावर वाळलेला झगा

त्या उन्हाळ्यात माझी प्रार्थना बंद पडली होती. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, आणि कानात नुसती माझ्या लेकीच्या छातीतली घरघर यायची. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा तो. आम्ही सांगलीला राहत होतो. लेक पहिलीच, तान्ही. जन्मल्यापासून कधी मोठ्यानं रडली म्हणून नाही, नुसती कण्हायची. मालक पलटणीत होते, रजेवर आलेले, सोमवारी परत जाणार. म्हणून रविवारी तिचा बाप्तिस्मा ठरला, आणि नेमकं शुक्रवारी तिला तापानं घेरलं. डॉक्टर इंजेक्शन देऊन म्हणाले, "ताप उतरला तर भ्यायचं कारण नाही." नाही उतरला तर काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आमच्या ख्रिस्ती वस्तीत शनिवार म्हणजे धुण्याचा दिवस. उद्या देवाच्या घरी जायचं म्हणून अंगणं सारवायची, सदरे नि साड्या निळीत बुडवायच्या, सगळ्या दोऱ्या पांढऱ्याशुभ्र. तो ओल्या शेणाचा आणि साबणाचा एकत्र वास आता कुठं येतो! माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, धुणं धुताना देवाची गाणी म्हणायच्या. त्यांनी आपल्या पहिल्या लेकासाठी, म्हणजे आमच्या मालकांसाठी, बाप्तिस्म्याचा पांढरा झगा हातानं शिवला होता. पुढं घरातलं प्रत्येक मूल त्याच झग्यात मंडळीपुढं गेलं.

त्या शनिवारी सकाळी आत्याबाईंनी बाळाच्या छातीला हळदीचा कोमट लेप लावला, आणि तो वाळायच्या आधीच "मापाला येतोय का बघू" म्हणून झगा तिच्या अंगात घातला. छातीवर हा एवढा पिवळाधमक डाग! माझा पारा चढला. "आत्याबाई, जरा दम धरवला नाही का हो तुम्हाला?" असं म्हणत मी झगा ओढून घेतला आणि तरातरा कृष्णेचा घाट गाठला.

साबण लावून चोळलं, तर डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण डोकं ठिकाणावर कुठं होतं! छातीच्या जागी रक्त सांडल्यागत दिसलं आणि वाटलं, झालं, देवानं सांगून टाकलं. माझी लेक जाणार. मी घासत सुटले, आणि घासता घासता हमसून रडायला लागले.

शेजारच्या दगडावर एक म्हातारी वाकळ धूत होती. कपाळभर कुंकू, अंगावर विटकं लुगडं. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आगं ए पोरी, फाडतीस का काय त्येला? हळद हाय न्हवं? पिळ आन् उनात टाक. तुज्या चोळण्यानं न्हाई जायाची ती."

"उद्याच लागणार आहे हो! आणि घरी लेकरू तापानं फणफणलंय."

"मग हितं काय करतीस? जा लेकराकडं. माजी वाकळ वाळंस्तवर मी हाय हितंच. ऊन काय ते बगंल."

अनोळखी बाई, तरी मी झगा तिच्या हवाली केला. घराकडं निघाले आणि वाटेत कितीतरी दिवसांनी तोंडून शब्द फुटले, "बापा, माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ." एवढीच ती प्रार्थना.

घरी आत्याबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडून रडून डोळे सुजलेले. मला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं. मी बाळाच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत बसले. दुपार कलली तसा बाळाला घाम फुटला. अंग गार पडत गेलं आणि ती आपणहून दूध ओढू लागली. "उतरला गं बाई!" आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

दिवस मावळायच्या आत घाटावर गेले. म्हातारी नव्हती. दगडावर झगा नीट घडी घालून ठेवलेला, उडू नये म्हणून वर एक गोटा. घडी उलगडली. डाग नव्हता. "उन्हानं हळद उडतेच," घरी आल्यावर मालक म्हणाले. मी कुठं नाही म्हणते? पण त्या बाईला शोधत पुढं कैक शनिवार मी घाटावर गेले, ती काही परत दिसली नाही. नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

रविवारी पाळकसाहेबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं मात्र, तिनं असा भोंगा पसरला की अख्खी मंडळी हसायला लागली. आयुष्यातलं तिचं पहिलं मोठं रडणं. मालक पलटणीतला गडी, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

झगा अजून माझ्या ट्रंकेत आहे. घरात बाप्तिस्मा निघाला की मीच धुते. लेक म्हणते, "आई, जरा चोळ की." मी म्हणते, "ऊन काय ते बघेल." आणि दोरीजवळ खुर्ची टाकून, झगा वाळेपर्यंत राखण करत बसते, घाटावर ती म्हातारी बसली असेल तशी. प्रभू तिचं भलं करो.