शेपटी धरायचे काम

बायको गेल्यावर मला रडू आले नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. "धक्का बसलाय, येईल हळूहळू," असे नातेवाईक माझ्यासमोरच एकमेकांना सांगत, जसा काही मी खोलीतले कपाट होतो. मुलगी पुण्याहून रोज फोन करून विचारायची, "बाबा, बरं वाटतंय ना?" बरे वाटत नव्हते, वाईटही वाटत नव्हते. काहीच वाटत नाही याची तेवढी भीती वाटे.

दिवाणखान्याची निम्मी जागा माझ्या विमानाने अडवली होती. रिमोटवर उडणारे, पण खेळण्यातले नव्हे; पंख जोडले की दारातून बाहेर जात नाही एवढे. आधीची माझी विमाने लहान होती. या मोठ्यासाठी पेट्रोलवर चालणारे इंजिन आणले, आणि ते खोक्यातून बाहेर काढायच्या आत ती गेली.

नवे इंजिन लगेच आकाशात नेत नाहीत. आधी जमिनीवर चालवून त्याचे अंग मोकळे करून घ्यावे लागते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर जन्म काढलेला मित्र एका रविवारी उगवला आणि त्याच्या अर्ध्या गुजराती मराठीत म्हणाला, "चाल, बस थयुं आता घरात बसणं." डभोईच्या रस्त्याला त्याच्या ओळखीच्या माणसाचे पडीक शेत आहे. तिथे विमान दोरीने कडुलिंबाला बांधले. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त घातले, जाड हातमोजा चढवून मी पंख्याला झटके देत राहिलो. इंजिन खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि सुरू झाले. मित्र नाचलाच. मी हातमोजा काढून घडी करून खिशात ठेवला.

आम्ही दोघे जुन्या स्कूटरच्या जमान्यातले. नवी स्कूटर आणली की पहिले काही महिने चाळीसच्या वर न्यायची नाही, मागे कुणाला बसवायचे नाही, हा आमचा धर्म. त्याच हिशेबाने आम्ही हे इंजिन तळहातावरच्या फोडासारखे जपले. टाकीमागून टाकी अगदी मंद चालवली. ते सुधारायच्या ऐवजी बिघडत गेले. पुढच्या रविवारी जरा वेग वाढवला की गुदमरून बंद पडू लागले. प्लग काढला तर काळाकुट्ट, तेलाने चिंब. कार्बोरेटरला शिव्या घालून झाल्या.

"राहू दे," मी म्हणालो. "विमान कुणाला तरी देऊन टाकतो."

रागाने नाही, मनापासून म्हणालो. उडवायची इच्छाच उरली नव्हती.

मित्र गवतात बसून प्लग पुसत होता. "एक सांग," तो म्हणाला, "आपल्या शॉपमध्ये दुरुस्त केलेलं इंजिन लोड लावल्याशिवाय कधी बाहेर सोडलं होतं आपण? याला लोड दिलाच नाही ने! नुसतं गोंजारतोय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसणार कशा?"

आयुष्य इंजिनांत गेले आणि एवढे सुचायला दोन रविवार लागले. सगळी अक्कल बहुतेक पेन्शनच्या कागदांबरोबर जमा करून आलो होतो.

"आता फुल थ्रॉटल द्यायचा," तो म्हणाला. "पण त्या दोरीचा भरवसा नाही. मी रिमोट घेतो, तू शेपटी धर."

शेपटी धरायचे काम तिचे. आजवरच्या माझ्या प्रत्येक विमानाची शेपटी तिनेच धरली, पदर खोचून, मागे उकिडवी बसून. मी पुढे पंखा फिरवायचो आणि इंजिन लागले की रिमोट घेऊन बाजूला व्हायचो. घरी आल्यावर ती तोंडाला बेसन लावून तेलाचे ठिपके काढायची आणि म्हणायची, "पुढून नुसतं विमान दिसतं. मागे काय असतं ते कधी येऊन बघ." मी म्हणायचो, येईन एकदा.

इंजिन सुरू करून मी मागे गेलो आणि तिच्या जागी गुडघे टेकले. मित्राने थ्रॉटल उघडला. वारा, धूळ, काडीकचरा, तेलाचे तुषार, सगळे थेट तोंडावर. डोळे उघडता येईनात. विमान हातातून सुटायला बघत होते, खांदे भरून आले. इंजिनाचा आवाज आधी फाटका होता, मग एकदम स्वच्छ झाला.

"बसलं!" बंद केल्यावर मित्र ओरडला. "उडणार आता हे!"

मी मान हलवली. तेव्हाही आत काही हलले नाही.

घरी येऊन आरशात पाहिले तर तिच्या तोंडावर असायचे तसेच ठिपके माझ्या तोंडावर. बेसन घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ते कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नव्हते, म्हणून एकेक डबा उघडत गेलो. अगदी मागच्या डब्यात सापडले. पिठाला जाळी लागली होती. ती असताना या घरात एकाही डब्याला कधी जाळी लागली नव्हती. तो डबा मांडीवर घेऊन मी फरशीवर बसलो आणि शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडलो.