पत्ता बदलल्यावर आलेली चिठ्ठी

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचे नुसते दिवे दिसत होते. काकू ऑफिसात आल्या, स्वेटर खुर्चीवर टाकला आणि आधी रात्रभराच्या चाचण्यांचा निकाल उघडला. सलग चौथ्या दिवशी पाचशे फेऱ्यांपैकी तीन अडकलेल्या. त्याही कालच्या नाहीत, भलत्याच.

पन्नाशी उलटली तेव्हापासून ऑफिसात त्यांना सगळे काकूच म्हणत. बावीस वर्षं त्यांचं एकच काम: एका संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करणारं सॉफ्टवेअर. आपण खोटे आहोत हे आतल्याला कळता कामा नये. खोट्या डिस्कचं काम उरकलं की ती प्रोसेसरला चिठ्ठी धाडते, "झालं, घेऊन जा." अशा चिठ्ठ्या सेकंदाला लाखभर. आत प्रोसेसर अनेक, म्हणून पूर्वी सॉफ्टवेअर दर चिठ्ठीला तक्ता उघडून ती कुणाकडे जायची तो पत्ता शोधत बसायचं. काकूंनी आठ महिने घासून पत्ता एकदाच काढून लक्षात ठेवायची सोय केली आणि डिस्क सुसाट सुटली. फक्त पाचशेत तीनदा चिठ्ठी गायब व्हायची, आणि आतला संगणक तिची वाट बघत जन्मभर बसून राहायचा.

टीमचा प्रमुख चहा ढवळत टेबलाशी आला. त्याला सगळे मुकादम म्हणत. काकू वयानं पंधरा वर्षांनी मोठ्या, म्हणून अहोजाहो करायचा, पण बोलायचं ते बोलायचाच.

"काकू, तीन वाजता या आवृत्तीत नवं काही घेणं बंद करतोय. तोवर सापडलं नाही तर तुमचं काम बाहेर काढावं लागेल."

"मग पुढच्या आवृत्तीत?"

"ती वर्षानं. तेव्हा कोण विचारतंय!"

"बरं. आधी तो कप सांभाळ, कागदावर सांडशील."

पडद्यावर भागेना की काकू कागदावर चौकटी आखून त्यात गुंड्या मांडायच्या. समोर चाचण्या घेणारी मुलगी बसली. चुका शोधण्यात हात धरणारं कोणी नाही, म्हणून तिचं नाव चिमटाबाई पडलेलं.

"तू आतला संगणक, मी सॉफ्टवेअर. घाई करायची नाही."

"पगार आतला देणार का बाहेरचा?"

"खेळ गं मुकाट्यानं."

"डिस्कच्या चिठ्ठ्या मला पहिल्या प्रोसेसरकडून चौथ्याकडे वळवायच्यात. म्हणून आधी दार बंद, तोवर चिठ्ठ्या बाहेर थांबतील." चिमटाबाईनं चौकटीवर खोडरबर ठेवलं. काकूंनी एक गुंडी दाराबाहेर ठेवली: मधल्या वेळात आलेली चिठ्ठी.

"पत्ता बदलला. पहिल्याला सांगितलं, डिस्ककडे आता बघू नकोस. दार उघडलं," म्हणत चिमटाबाईनं खोडरबर उचललं.

काकूंनी गुंडी उचलून पहिल्या चौकटीत ठेवली. मग लक्षात ठेवलेला पत्ता म्हणून वहीत लिहिलेला पहिला खोडून चौथा लिहिला.

"अहो काकू! पहिला आता ऐकतोय कुठं? गेली की माझी चिठ्ठी!"

काकूंनी कोड उघडला. दोन ओळी. दार उघडलं की आधी खोळंबलेली चिठ्ठी पोचवायची, मग लक्षातला पत्ता ताजा करायचा. हवं होतं नेमकं उलटं. त्या टिचभर वेळात चिठ्ठी आली तरच घोटाळा, म्हणून पाचशेत तीन. कुणी खोळंबलेलं दिसलं की काकूंना राहवत नसे. सासूबाईंनी हाक मारली की हातातलं टाकून धावायच्या, तशाच इथंही धावल्या होत्या.

"दोन ओळींसाठी चार दिवस?" चिमटाबाई म्हणाली.

"ओळींना दोन मिनिटं लागली. बाकीचे चार दिवस अकलेला."

साडेअकराला ऑफिसातली सगळी यंत्रं जुंपून दोन हजार फेऱ्या लावल्या. पावणेतीनला मुकादम मागं येऊन उभा राहिला. शेवटची फेरी संपली. अडकलेल्या: शून्य.

"राहू दे आत," तो म्हणाला. "पण चूक कशी झाली ते बदलाच्या नोंदीत लिहा."

"लिहिलंय. कुणाची, तेही लिहिलंय."

जेवण राहूनच गेलं होतं. काकूंनी खिडकीशी बसून चार घास खाल्ले आणि डबा विसळायला नळावर गेल्या. कुणीतरी चहाचा चोथा टाकून पाणी तुंबवून ठेवलं होतं. बाह्या वर सारून त्या तो काढायला लागल्या.