सहा वाजता पाणी बंद

संध्याकाळी सहा वाजता मी आणि मंजुळाने कोंबड्यांचं पाणी काढून घेतलं. तिने भांडं उचललं, मी खुराड्याची कडी लावली. नवराबायकोने मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी फौजेत सतरा वर्षं. इन्फन्ट्री. नाईक म्हणून रिटायर. शिक्षण सातवी. जसं झालं तसं लिहितो.

कोंबड्या सात. पिंपळनेरच्या तिच्या बहिणीला सांभाळणं होईना, म्हणून मंजुळाने टोपलीत घालून एसटीने आमच्या गावी आणल्या. दोंडाईच्याजवळ आमचं गाव. आठवड्यात विष्ठेत जंत दिसले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी पाणी काढा, सकाळी औषधाचं पाणी ठेवा. तहानेने सगळ्या पितील.

खोटं बोलत नाही, मला त्या कोंबड्या नको होत्या. सतरा वर्षं मी बॉर्डरवर, ती इथे. पेन्शनीवर आलो तर शेती, पोरींची लग्नं. आता कुठे दोघंच उरलो होतो, तर हिचा सकाळचा पहिला शब्द कोंबड्यांना. मला चहा नंतर. उघड्या मानेची एक लाल कोंबडी तर तिच्या मांडीवरच बसायची. मी तोंड फिरवायचो.

"काय हो, कोंबडीस्वर जळी राह्यनात का?"

"मी कशाला जळू?"

जळत होतो.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिने छाती धरली. शेजारच्या सिंधूअक्काने रिक्षा आणवली. रिक्षात मंजुळाने माझा हात धरला. वाटलं, आता मला काही बोलेल. बोलली ते हे: "सकाये त्यास्ले औषध द्या. भुलू नका."

दवाखान्याच्या दारात संपलं. पावणेनऊ.

दुसऱ्या दिवशी अकराला अग्नी दिला. घरी आलो. अंगण माणसांनी भरलेलं, ऊन कडक. खुराड्यातून आवाज येत होता. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. मला आठवण होती. मी ओट्यावर बसून राहिलो. मनात म्हणालो, राहा तहानलेल्या. तिचा शेवटचा शब्द तुम्ही नेला.

फौजेत असताना पहाडातल्या चौकीवर एकदा फायर सुरू झाला. पुढच्या खंदकात माझा जोडीदार रघुनाथ होता. रेडिओवर त्याचा आवाज आला. "पाणी पाठव. ओव्हर."

मी म्हणालो, "थांब. ओव्हर."

वर जायची ऑर्डर मिळाली तोवर उजाडलं. तो गेला होता.

तेव्हा ऑर्डर नव्हती. आज ऑर्डर होती, आणि मी बसलो होतो.

उठलो तोवर अक्काने खुराड्याची कडी काढली होती. बारा वाजले होते. सहा बाहेर आल्या आणि पाण्याच्या परातीवर तुटून पडल्या. लाल आतच पडलेली. अक्काने ती उचलून माझ्यासमोर ठेवली.

"आबा, यास्नं काय चुकनं?"

खड्डा मी खणला.

बाकीच्या कोंबड्या दिवसभर अक्काच्या मागे फिरत राहिल्या. मला तेही बघवेना. बायको जाऊन एक दिवस झाला नव्हता, तरी बघवेना. पोटभर पाणी पिऊन त्या झोपायला चढल्या, तेव्हा मी भांडं उचललं.

सकाळी साडेपाचला उठलो. राख सावडायला माणसं सातला निघणार होती. औषध सातांचं सांगितलेलं, मी सहांचं मोजून पाण्यात घातलं. भांडं ठेवलं. एकही जवळ येईना. मंजुळा टाळूला जीभ लावून बोलवायची, तसं करून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंतीपलीकडून अक्का म्हणाली, "आबा, ती काय पलटण शे? खाले बसा."

खाली बसलो. आधी काळी आली. मग बाकीच्या. भांडं रिकामं होईस्तोवर हललो नाही.

स्मशानात राख गार झाली होती. माणसं मागे होती. मी सावधान उभा राहिलो आणि हळू आवाजात रिपोर्ट दिला. औषध दिलं. सहा हजर. सातवी माझ्या हातून गेली, तेही सांगितलं.